कापलेलं गवत टाकायचं कुठं



गेल्या आठवड्यात पुण्याहून लेकीचा फोन आला. तिच्या सोसायटीत तळमजल्याच्या घरांपुढं हिरवळ लावलेली आहे. पावसाळ्यात माळी आठ-दहा दिवसांनी मशीन फिरवतो, कापलेलं गवत पोत्यात कोंबतो आणि पोतं भिंतीला टेकवून निघून जातो. "आबा, पोत्याला असला वास सुटलाय की शेजारी तक्रार करायला लागलेत. याचं करू काय?"

मला हसूच आलं. म्हणलं, अगं, वास गवताचा नाही, कोंडण्याचा आहे. कोवळ्या गवतात शंभरातले पंच्याहत्तर-ऐंशी भाग नुसतं पाणी. ते दाबून भरलं की आत हवा राहत नाही, मग ते कुजत नाही, नासतं. पोतं उपडं कर, पातळ पसर, दोन दिवस सुकू दे आणि तुझ्या कुंडीतल्या टोमॅटोच्या बुडात टाक. फुकटचं खत आहे.

ती जरा गप्प झाली. मग म्हणली, "आबा, आईच्या वांग्यांचं विसरलात का?"

विसरलो नव्हतो. पण इथं कधी लिहिलं नव्हतं. या पेजवर मी उसाचे फुटवे, खोडव्याचं पाचट, मोटारीचा खर्च सगळं लिहितो. चुकलं तर चुकलं म्हणून लिहायचं, अशी आपली बोली आहे. आणि नेमकं हेच दोन वर्षं लिहायचं टाळलं. तर आज लिहितो.

आमचं गाव कृष्णाकाठचं. घरामागं गुंठाभर परडं आहे. तिथला कारभार पूर्ण मंडळींचा. न्हाणीचं पाणी तिकडं काढून दिलंय, त्यावर वांगी, टोमॅटो, मिरची, घेवडा, कडेला मका, कोपऱ्यात गवती चहा. त्यात वांग्याचं बी आमच्या आईचं. काटेरी, जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, भरून केलं की देठासकट खावं असं. आई असताना दरवर्षी एक चांगलं वांगं झाडावर पिवळं होईस्तोवर ठेवायची, मग बी धुवून, राखेत घोळून, फडक्याची पुरचुंडी करून फडताळात. आई गेल्यावर ते काम मंडळींनी घेतलं. बाजारात पुडीला काय कमी बी आहे? पण ते आमच्यात येत नाही.

त्या वर्षी मृगाला तिनं पुरचुंडीतलं सगळं बी टाकलं. सगळं. उगवण कमी होत चालली होती म्हणून म्हणली, या वर्षी ताजं बी धरायचं. जुलैच्या मध्याला चाळीस-पंचेचाळीस रोपं लावली.

आता माझ्याकडं येतो. ऑगस्टात पावसानं उघडीप दिली होती. आडसाली उसात रुंद पानाचं तण माजलेलं, म्हणून टू-फोर-डी मारलं. शेवटी अर्धा पंप उरला. उरलेलं औषध कुठं ओतायचं, म्हणून घराकडच्या बांधावर गाजर गवत आणि आघाडा होता त्यावर मारून टाकलं. असं आपण सगळेच करतो. पाचव्या दिवशी पोरानं ब्रश कटर काढला आणि तोच बांध साफ केला. मारवेल, पवना, कुंदा, गुडघ्याच्या वर आलेलं, हिरवंगार. पोरगा म्हणला, "आबा, गुरांपुढं टाकू का?" मी म्हणलं, "नको, त्यावर औषध मारलंय. परड्यात टाक, आईला आच्छादनाला होईल."

हे वाक्य मी स्वतः बोललोय. गुरांच्या पोटात जाऊ नये एवढं डोक्यात होतं, पण झाडाच्या पोटात जाईल हे डोक्यात आलं नाही.

इथं फसगत कशी होते ते बघा. टू-फोर-डी रुंद पानाच्या तणाला मारतं. गवतवर्गाला, म्हणजे ऊस, मका, ज्वारी, आणि बांधावरचं मारवेल-पवना, यांना ते सहसा मारत नाही. म्हणून तर उसात चालतं. त्यामुळं फवारलेलं गवत पिवळं पडत नाही, करपत नाही. दिसायला नंबर एक. पण औषध पानावर असतंच. गाजर गवत मान टाकून पडलेलं असतं आणि शेजारचं मारवेल हसत उभं असतं. आपण हसणारं उचलून आणतो.

चार पाट्या गवत वांग्यात गेलं, दोन टोमॅटोत, एक घेवड्यात. मंडळी खूश. तिसऱ्या दिवशी पावसाची सर आली, आणि पानावर होतं नव्हतं ते धुवून नेमकं बुडात गेलं.

आठवड्यात टोमॅटोचे शेंडे वाकडे व्हायला लागले. पान वळून पन्हाळीसारखं झालं, नवीन पानं बारीक, लांबट, शिरा जाड. देठ पिळ्यासारखे. मग घेवडा. मग वांगी. मंडळी म्हणली बोकड्या आला. मीही म्हणलं बोकड्या आला. दुकानातून तुडतुडे आणि पांढऱ्या माशीचं औषध आणतो म्हणलं, तर ती म्हणली घरच्या भाजीवर नको, निंबोळी अर्क मारते. रोज संध्याकाळी घमेल्यात अर्क करून ती झाडणीनं पानांवर मारायची.

आमच्या भागातले कृषी सहायक दुसऱ्याच कामानं आले होते. चहा पिता पिता परड्यात गेले. वांग्याकडं बघितलं, टोमॅटोकडं बघितलं, मग मक्याकडं आणि गवती चहाकडं बघत उभे राहिले. म्हणाले, "काका, गंमत बघा. वांगी, टोमॅटो, घेवडा, तीन वेगळी पिकं, तिन्हींची पानं एकाच वेळी सारखीच वळलीत. आणि त्याच वाफ्यात मका आणि गवती चहा ठणठणीत. रोग असा निवड करून येत नाही." मग खाली वाकून आच्छादन हातात घेतलं. "या गवतावर काही मारलं होतं का?"

मंडळी पटकन म्हणली, "छे, परड्यात आम्ही काहीच मारत नाही."

ते माझ्याकडं बघत होते. मी मान हलवली. नाही म्हणून.

का हलवली, ते आजही नीट सांगता येत नाही. परकं माणूस समोर, चूक माझी, आणि बी आईचं. ते शहाणे होते, पुढं काही बोलले नाहीत. जाताना एवढंच म्हणाले, "गवत काढून टाका, पाणी द्या, आणि नवीन फूट सरळ येते का बघा. यावर दुसरं औषध नाही."

त्यानंतर आठ दिवस मी गप्प. ती रोज अर्क मारायची. मी ओट्यावर बसून बघायचो. नवव्या दिवशी तिनं वांग्यातलं गवत गोळा केलं आणि पाटी भरून मिरचीच्या वाफ्याकडं निघाली. म्हणली, "इथं उपयोग झाला नाही, मिरचीला तरी होईल."

तेव्हा बोलावंच लागलं. म्हणलं, "नको टाकू तिथं. त्यावर तणनाशक मारलेलं होतं. मीच मारलं होतं."

पाटी तिनं तिथंच खाली ठेवली. "आठ दिवस मी अर्क मारतीय आणि तुम्ही बघताय," एवढंच बोलली. पुढचे दोन दिवस घरात "वाढलंय" याच्यापलीकडं शब्द नव्हता.

टोमॅटो आणि घेवडा गेलेच. चाळीसातली बरीच वांगी बसली, काहींना फूट आली पण फळ वेडंवाकडं. धुण्याच्या दगडाजवळची सात झाडं मात्र वाचली, कारण तिथं गवत पुरलं नव्हतं. त्यातल्या तीन झाडांवरचं एकेक वांगं तिनं बियाला राखलं, आणि कुणी चुकून तोडू नये म्हणून देठाला लाल चिंधी बांधली. आईचं बी त्या तीन चिंध्यांवर तरलं.

आता बांधावर तणनाशक मारलं की त्या टप्प्याच्या दोन्ही टोकांना लाल चिंधीची काठी रोवतो. चिंधीची कल्पना तिचीच. त्या दोन काठ्यांमधलं गवत त्या हंगामात परड्यात येत नाही आणि गोठ्यातही जात नाही. कापलं तर जिथल्या तिथं पडू देतो. हे औषध मातीत काही आठवड्यांत जिवाणू मोडून टाकतात, म्हणून ते मातीवरच राहिलेलं बरं. वाळवून गंजी मारली तर त्याला मोडणारं कुणी नसतं. आणि घराकडचा बांध तर आता फक्त कटरनंच साफ होतो, औषध नाहीच. वर्षात दोन-तीनदा पेट्रोल जळतं, जळू दे.

गवत बाहेरचं असेल, दुसऱ्याच्या बांधावरचं किंवा लेकीसारखं सोसायटीतलं, तर विचारून घ्यायचं. आणि उत्तर पटलं नाही तर झाडाला विचारायचं. दोन डब्यांत एकच माती घ्या. एकात ते गवत बारीक करून मिसळा, दुसऱ्यात नुसती माती. दोन्हीत घेवड्याचे चार-चार दाणे टाका. घेवडा या औषधाला फार हळवा आहे. दोन-तीन आठवड्यांत पहिली तिपानं सरळ, सपाट आली तर गवत बिनधास्त वापरा. एका डब्यातली सरळ आणि दुसऱ्यातली वळलेली आली, तर कळलंच. विकतच्या खताला आणि आणलेल्या शेणखतालाही हीच परीक्षा लावता येते. हे मला त्याच कृषी सहायकांनी सांगितलं, नंतर मी जाऊन खरं काय ते कबूल केल्यावर. ते म्हणाले, "मला त्याच दिवशी कळलं होतं, काका."

औषधाचं झालं. पण चांगलं गवतसुद्धा कसंही टाकून चालत नाही, हे त्याच्याही आधी एका लिंबानं शिकवलं होतं. पाच वर्षांचं झाड, पहिला बहार धरलेला. मी पावसाळ्यात ओलं गवत ढिगानं त्याच्या बुंध्याला लावलं, वीतभर जाड. आत गरम व्हायचं, वरून पाऊस, साल कायम ओली. बुडात डिंक्या लागला, साल सुटली आणि झाड वाळलं. तेव्हापासून आच्छादन आणि खोड यांच्यात वीतभर मोकळी माती ठेवायचीच. रोपं लहान असतील तर चार बोटं.

जाडीचं सांगतो. ओलं गवत टाकायचंच असेल तर बोटाच्या दोन पेरांपेक्षा जास्त नको. ओलं जाड टाकलं की ते एकमेकांना चिकटून चटईसारखं होतं. वरचं पाणी खाली जात नाही, खालून वाफ येते. एक-दोन दिवस सुकवून टाकलं तर तीन-चार बोटं जाडी चालते, आणि बसून ते निम्मं होतं. मग पुन्हा वर टाकायचं. एकदम पोटभर वाढण्यापेक्षा घास-घास बरं.

पुस्तकात बारमाही आच्छादन चांगलं म्हणतात. आमच्या भारी काळ्या जमिनीत आषाढ-श्रावणात मी ते पातळच ठेवतो. जमीन आधीच ओली, त्यात गवताखाली गोगलगायींना आयतं घर मिळतं. २०२२ च्या पावसाळ्यात लातूर, बीडकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची रोपं कशी खाल्ली ते आठवत असेल. खरी गरज दसऱ्यानंतर, पाऊस संपल्यावर. तेव्हा जाड टाका. उन्हाळ्यात तर आच्छादनाच्या वाफ्याला पाण्याची पाळी आमच्याकडं दोन-तीन दिवस पुढं जाते. आणि एक, परड्यात गवताचा ढीग घराच्या भिंतीला लावू नका, आणि जुनं आच्छादन हलवताना आधी काठी, मग हात. कशासाठी ते सांगायला नको.

बियाचं बघायचं. फुलावर येण्याआधी कापलेलं गवत आच्छादनाला, तुरा आलेलं कंपोस्टला. गाजर गवत फुलण्याआधी उपटलं तर चालतं, हातात मोजे घाला, अंगाला खाज सुटते. फुललेलं परड्यात आणूच नका. लव्हाळ्याची नुसती पात कापली असेल तर धोका नाही, त्याची गाठ जमिनीत असते. पण खुरपून गाठीसकट आलेला लव्हाळा वाफ्यात टाकला तर तुम्हीच लावण केली समजा. सगळ्यात वाईट हराळी. कटरची दोरी तिचे तुकडे करते आणि प्रत्येक तुकड्याच्या पेऱ्याला मूळ फुटतं. हराळीचं गवत मी पत्र्यावर कडकडीत वाळवतो, हातात चुरा होईपर्यंत. चुरा झाला की मग कुठंही टाका.

एवढं करून जे उरतं ते कंपोस्टला. तिथंही नुसतं हिरवं घातलं तर लेकीच्या पोत्यासारखंच होतं. जिवाणूला खायला नत्र लागतं तसा कर्बही लागतो. एक भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कर्ब असला की काम जोरात चालतं. कोवळ्या गवतात हे प्रमाण साधारण एकास पंधरा-वीसचं, म्हणजे नत्र जास्त. तेच जादा नत्र अमोनिया होऊन नाकात जातं, म्हणजे खतच हवेत उडालं. उसाच्या पाचटात उलट, कर्ब भरमसाट आणि नत्र नावाला. म्हणून दोघांचं लग्न लावायचं. एक पाटी हिरवं, दोन पाट्या वाळलेलं पाचट किंवा पाला, वर शेणकाला, आणि थोडी माती. शहरात पाचट नसेल तर झाडलेला पाला, फाडलेले पुठ्ठे चालतात.

यवतमाळकडच्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी यासाठीच जाळीदार विटांचं टाकं बसवलं, दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच. त्यांच्या नावावरूनच त्याला नाडेप म्हणतात. थोड्या शेणात भरपूर काडीकचरा कुजवायचा आणि भिंतीतल्या भोकांतून हवा खेळती ठेवायची, ही त्यातली खुबी. माझं एक टाकं शेतात आहे. परड्याला एवढं लागत नाही. तिथं कुंपणाची जुनी जाळी गोल करून बांधलीय, तीन फूट रुंद, तीन फूट उंच. याहून लहान केलं तर आत ऊब धरत नाही. मधोमध पहार खुपसून ठेवतो. चौथ्या-पाचव्या दिवशी पहार ओढून हात लावायचा. हात ठेववत नसेल तर काम चांगलं चाललंय. पन्नास-साठ अंशाला गेलं की बरंचसं बी मरतं. कडेचं मात्र गरम होत नाही, म्हणून उलथापालथ करून कडेचं मधे घ्यायचं. हा कंटाळ्याचा भाग आहे आणि तो मीच करतो. शिक्षा म्हणा हवं तर.

लेकीला शेवटी सांगितलं, माळ्याला म्हणावं गवत गोळाच करू नको. उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही, मग बारीक तुकडे हिरवळीतच खाली उतरतात आणि आठवड्यात दिसेनासे होतात. जमिनीचं नत्र जमिनीला. फार वाढल्यावर कापलं तरच गठ्ठे पडतात आणि खालचं पिवळं होतं.

पण त्याआधी तिनं माळ्याला विचारलं होतं. तो म्हणाला, हिरवळीत रुंद पानाचं तण फार झालेलं, पंधरा दिवसांपूर्वी औषध मारलंय. कुठलं ते त्याला सांगता आलं नाही.

पोतं तिनं गच्चीवर पसरून वाळवलंय. टोमॅटोला लावलेलं नाही. श्रीखंडाच्या दोन डब्यांत घेवडा टाकलाय, आईकडनंच बी नेलेलं होतं. काल फोटो पाठवला. दोन्ही डब्यांत दाणे वर आलेत, खरं पान अजून उघडायचंय. मंडळी दिवसातनं दोनदा फोन करून विचारतीय, पान कसं आलं म्हणून. उघडलं की फोटो इथं टाकतो.